लाईन

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या मंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परवा मंडळाची पोरं घरी आली आणि म्हणाली, "साहेब, यंदा तुम्ही बोलायचं." मी म्हटलं, अरे, मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. सरकारी नोकरीत पाणी योजनांच्या खड्ड्यांच्या काठावर उभं राहण्यात माझी निम्मी हयात गेली. मला भाषणातलं काय कळतं? तर पोरं म्हणाली, "मग तुमच्या लाईनमधलं काहीतरी बोला." म्हटलं, ठरलं. लाईन या शब्दावरच बोलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हा शब्द किती वेळा कानावर येतो ते मोजायला लागलो. उठल्या उठल्या घरातून आवाज आला, "अहो, लाईन गेली, मोटर लावायची राहिली." बाहेर पडलो तर रेशन दुकानापुढं लाईन. शेजारचे काका विचारत होते, "धाकट्याला कुठल्या लाईनला घातलास?" ऑफिसात पोचतो तोवर एकाची तक्रार, "तासभर फोन करतोय, तुमची लाईन लागत नाही." दुसऱ्याचा अर्ज ऑनलाइन अडकलेला. संध्याकाळी कट्ट्यावर बातमी, अमक्याचा पोरगा तमकीवर लाईन मारतोय. पुढं सतरंजीवर बसलेल्या बालमित्रांनी जरा कान झाका! आणि रात्री त्याच पोराचे वडील माझ्याकडं, "जरा समजावून सांगा, लाईनवर आणा त्याला."

एका दिवसात एका शब्दानं वीज, रांग, पेशा, फोन, प्रेम आणि सद्वर्तन, एवढी सगळी कामं केली. आपला तलाठीसुद्धा इतकी खाती सांभाळत नसेल!

हा शब्द आला कुठून, ते मी शोधलं. आपल्याकडं जवसाची चटणी करतात. आपले कानडी शेजारी जवसाला अगसी म्हणतात. या जवसाच्या झाडाच्या सालीतून चिवट धागा निघतो. लॅटिन भाषेत जवसाला लिनम म्हणायचे आणि त्याच्या दोऱ्याला लिनिआ. त्यावरून इंग्रजीत लाईन आली. लिनन कापड हे त्याच घरातलं. कोटाला आतून लिननचं अस्तर लावायचे, म्हणून अस्तराला लायनिंग. गवंडी आणि सुतार दोरा ताणून सरळ खूण करायचे, म्हणून सरळ रेघेलाही लाईन. आपला गवंडी आजही पाया आखताना लाईनदोरी मागतो. एका अर्थी तो दोरी-दोरी म्हणत असतो, पण भिंत सरळ येते, म्हणून आपण काही बोलत नाही.

पुढं या दोऱ्याला फाटे फुटले. ब्रिटिशांच्या छावणीत शिपायांच्या राहुट्या एका ओळीत असत, त्यांना लाईन्स म्हणत. त्यातूनच आपल्याकडं पोलीस लाईन आली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि रुळांची लाईन झाली. डेडलाईन हा शब्द तर तुरुंगातला आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६४ च्या सुमारास कैद्यांच्या छावणीत एक हद्द आखलेली असे. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. आमच्या ऑफिसात डेडलाईन दर आठवड्याला ओलांडली जाते, आणि आम्ही अजून हयात आहोत!

आता जरा गंभीर बोलतो. ही गोष्ट मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही.

बारा-तेरा वर्षांमागची गोष्ट. एका गावात पाण्याची लाईन फुटली होती. खड्डा काढून फुटका पाईप बदलायचा होता. मी स्वतः जाऊन वॉल्व्ह बंद करून आलो. वरून विजेच्या तारा गेल्या होत्या. हाताखालचा मजूर कानडी भाषिक, कामाला वाघ. वीस फुटी लोखंडी पाईप उभा करायच्या आधी त्यानं मला विचारलं, "सर, लाईन बंद ऐतेन्री?" मी म्हटलं, "ऐत्री." म्हणजे, आहे.

त्यानं विचारलं होतं विजेचं. मी सांगितलं पाण्याचं.

पाईपचं टोक तारेला लागलं आणि तो फेकला गेला. पायात कोरड्या रबरी चपला होत्या, म्हणून वाचला. दोन्ही तळहात भाजले. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याच्या बायकोनं मला एवढंच विचारलं, "सर, तुम्ही बंद आहे म्हणाला होता ना?" माझ्याकडं उत्तर होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. तो पुढं बरा झाला, कामावरही आला. पण पाना धरताना त्याची बोटं पूर्ण मिटत नाहीत, हे मला दिसतं.

मी पुष्कळ विचार केला. आमच्या त्या बोलण्यात 'लाईन' इंग्रजी आणि 'बंद' फारसी. दोन्ही शब्द त्याचेही नव्हते, माझेही नव्हते. पण दोघांनाही ते येत होते, म्हणून दोघांनाही वाटलं की समजलं. तो 'तंती' म्हणाला असता, किंवा मी 'पाण्याची' एवढा एक शब्द पुढं जोडला असता, तरी त्याचे हात वाचले असते. तेव्हापासून कामावर मी नुसतं लाईन म्हणत नाही. तार म्हणतो, पाईप म्हणतो, आणि समोरचा कानडी असेल तर तंती म्हणतो.

शेवटी आपल्या दारातली लाईन. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. मी सरकारी नोकर आहे, त्या लाईनीवर मी व्यासपीठावरून बोलणार नाही. इथले वडीलधारे त्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त जाणतात, आणि त्यांनी सोसलंयही जास्त. मी माझ्या कामापुरतं बोलतो.

लाईनीच्या काठावर राहणाऱ्या माणसानं शब्द जपून वापरावेत. आपल्या भाषेत दुकानापुढं रांग असते, वहीत ओळ असते, पाटीवर रेघ, उसात सरी, खांबावर तार आणि अंगणात कपड्यांची दोरी. हे शब्द पोरांच्या तोंडी राहू देत. आणि त्याच पोरांना शेजाऱ्याचे सालु, गेरे, तंती हे शब्दही येऊ देत. त्यात मराठीपणाला काही उणेपणा नाही. उलट स्वतःची भाषा नीट येणाऱ्यालाच दुसऱ्याची नीट शिकता येते, असा माझा अनुभव आहे.

उद्या आरतीला गर्दी होईल. स्वयंसेवकांनी "लाईनीत या" म्हणण्याऐवजी "रांगेत या" म्हणून बघावं. बाप्पाचं दर्शन तेवढंच मिळेल.

माझी वेळ संपली. 

गणपती बाप्पा मोरया!