धरलेली मान आणि न सांगितलेला घसा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मल्लेश्वरम येथे केलेले भाषण)



वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्हास नाही. आम्ही साधे बी. ए.; केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींवर शेरे मारण्यात हयात गेली. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या मानेवर जो प्रसंग गुदरला, तो आपणापुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

एके सकाळी उठलो तो मान जागची हलेना. 'उशी चुकली' असे निदान घरात तत्काळ झाले. एका स्नेह्यांनी मान मोडून देणारा मालीशवाला सुचविला. सौभाग्यवतींनी साफ नकार दिला, हे आमचे भाग्य. प्रथम ज्या दवाखान्यात गेलो, तेथे मणक्यांची झीज ठरवून गळपट्टा बांधण्यात आला. दोष केवळ त्यांचा नव्हे. घास गिळताना घशात सुरी फिरल्यासारखे होई, ते आम्ही सांगितलेच नव्हते. मान आणि घसा या दोन स्वतंत्र फायली, अशी आमची समजूत!

तिसऱ्या दिवशी अंगात कणकण आली. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारले, 'नुंगिदरे नोवागुत्ता?' आमचे कन्नड आठव्या क्रॉसच्या बाजारात भाव करण्यापुरतेच. त्यांनी आवंढा गिळून दाखविला, तेव्हा कळले: गिळल्यावर दुखते का? त्या एका प्रश्नाने तपासाची दिशा बदलली.

घशाच्या लगोलग मागे, मणक्यांच्या पुढच्या अंगास 'लाँगस कोलाय' नावाचा स्नायू आहे. सी. टी. स्कॅनमध्ये पहिल्या दोन मणक्यांपाशी त्याच्या कंडरेत कॅल्शियमचा लहानसा साठा दिसला. हे स्फटिक आसपास विखुरले की दाह होतो. म्हणून मान आणि घसा एकदम धरतात. १९६४ साली हार्टली यांनी या विकाराचे वर्णन केले. १९९४ साली ते स्फटिक हायड्रॉक्सिॲपॅटाइटचे असल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसून आले. याचाच एक भाऊबंद वृद्धांत आढळतो. दुसऱ्या मणक्याच्या दातासारख्या खुंटीभोवती स्फटिक मुकुटासारखे जमतात, म्हणून त्यास 'क्राउन्ड डेन्स' म्हणतात. ताप आणि ताठरलेली मान पाहून तेथे मेंदूज्वराचा भास होतो.

आमच्या विकाराची खरी गफलत होते ती घशामागील गळवाशी. दोहोंत मान, घसा आणि ताप हीच त्रयी. स्कॅनच्या वेळी शिरेतून औषध दिले असता गळवाभोवती बहुधा उजळ कडा उमटते. आमच्या विकारात नुसते पाणी साचलेले दिसते, कडा नसते. गळू दुर्लक्षिले तर प्राणावर बेतते; उलट आमच्या विकारास गळू समजून शस्त्रक्रिया झाल्याचीही उदाहरणे आहेत. आम्हास दाहशामक गोळ्या आणि विश्रांती पुरली. दहा दिवसांत मान मोकळी झाली.

हे सर्व येथे सांगण्याचे कारण निराळे आहे. आपल्यापैकी अनेकांचे वृद्ध आईवडील गाव सोडून येथे मुलांकडे राहतात. दवाखान्यात त्यांचे दुखणे आपण अर्ध्यामुर्ध्या भाषेत सांगतो, आणि नेमका महत्त्वाचा शब्द घरीच राहतो. यास्तव आमची विनंती अशी की, जाण्यापूर्वी एक चिठ्ठी लिहावी: दुखणे केव्हा सुरू झाले, ताप आहे का, गिळताना दुखते का, मान कोणत्या बाजूस वळत नाही. निदान होईपर्यंत मान कोणाच्या हाती देऊ नये. भरपूर ताप, तोंडातून लाळ गळणे, श्वासास अडथळा, हातापायांत दुर्बलता, असह्य डोकेदुखी किंवा भ्रम यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मानेची दुखणी बहुतेक साधीच असतात. परंतु जे साधे नसते, ते ओळखण्याची पहिली जबाबदारी सांगणाऱ्याची आहे. ती आम्ही चुकविली होती. आपण चुकवू नये, इतकेच सांगून आपली रजा घेतो.