पाणी परत येते, खत येत नाही

(धंतोलीतील प्रौढांच्या रात्रवर्गात केलेले भाषण)



मागच्या आठवड्यात वर्ग सुटताना एका मावशींनी मला अडवले. म्हणाल्या, "गुरुजी, धंतोलीत इतके दवाखाने, इतकी घरे. आम्ही सकाळपासून भांडी घासतो, फरश्या पुसतो. हे सारे पाणी जाते कुठे?" मी म्हटले, "नाग नदीत." "ते तर मलाही दिसते जी. पुढे कुठे जाते?" तेवढ्यात त्यांची बस आली आणि उत्तर राहून गेले. ते आज देतो.

आधी पाणी येते कुठून ते पाहू. आपल्या नळाचे पाणी बरेचसे पेंच नदीचे. ही नदी छिंदवाड्याकडून सागाच्या जंगलातून येते. तोतलाडोहला तिच्यावर मोठे धरण आहे, खाली नवेगाव खैरीला दुसरे. तिथून पाणी नागपूरला येते. आपण ते वापरतो आणि मोरीत सोडतो. काही सांडपाणी भांडेवाडीला जाते. तिथे ते शुद्ध करतात आणि कोराडीच्या वीजघराला देतात. म्हणजे मावशी, तुमच्या भांड्यांचे पाणी कोराडीला वाफ होऊन आभाळात चढते! बाकीचे नागेतून कन्हान नदीला मिळते. आता गंमत पाहा. पेंच नदीसुद्धा कन्हानलाच मिळते. म्हणजे पाणी जायचे तिथेच गेले, मध्ये फक्त आपल्या घराला वळसा घातला.

आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेत शिरते. वैनगंगा वर्धा नदीला भेटली की तिचे नाव प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. तिथे ऊन पाण्याची वाफ करते. मीठ खाली राहते, घाणही खाली राहते, वर जाते ते निव्वळ पाणी. पावसाळ्यात त्या उपसागराकडून ढग येतात आणि पाणी पुन्हा पेंचच्या जंगलावर पडते.

सगळी वाफ समुद्रातूनच येते असे मात्र नाही. झाडेही पाणी वर सोडतात. उद्या उन्हात पाने असलेल्या एका फांदीला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. दुपारी पाहा, पिशवीत थेंब जमलेले दिसतील. ते मुळांनी जमिनीतून ओढलेले पाणी.

तर पाणी परत येते. पण त्या मावशींनी आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. त्यांच्या भावाचे वावर कुही तालुक्यात, नागेच्या काठाजवळ आहे. तो म्हणतो, खताची पोती वाढतच चालली, उधारीही वाढत चालली. जमीन आधीसारखी पिकत नाही.

असे का व्हावे? एक क्विंटल ज्वारी बाजारात गेली, की तिच्याबरोबर सुमारे दीड किलो नत्र वावरातून निघून जाते. स्फुरद आणि पालाशही जातात. ती ज्वारी शहरात येते, आपण भाकरी खातो. अंगाला लागते ते थोडे. बाकीचे संडासात जाते, गटारात जाते आणि फार मोठा भाग नदीत जातो. म्हणजे भावाच्या वावरातले खत नागेतून त्याच्याच वावराजवळून वाहत जाते, आणि तो उधारीने पोते आणतो!

मग नदीचेच पाणी पिकाला द्यावे काय? नाही. त्यात रोगाचे जंतू आहेत, कारखान्यांचे मैलापाणीही आहे. आणि ते खत पुढे जाऊन कोणाचे भले करते असेही नाही. ते गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यापर्यंत पोचते. साचलेल्या पाण्याला असे खत मिळाले की शेवाळ आणि जलपर्णी माजतात. त्या कुजतात तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. वावराला जे अन्न, तेच ढिवराच्या जाळ्याला विष.

बरे, हे खत पाण्यासारखे आभाळातून परत येईल काय? नत्राचे निदान थोडे जमते. हवेच्या शंभर भागांत अठ्ठ्याहत्तर भाग नत्र असते. तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवरच्या गाठींत जीवाणू राहतात आणि ते हवेतले नत्र धरून देतात. तुरीचे रोप हलकेच उपटा, गाठ नखाने फोडा. आत लालसर दिसली तर काम चालू आहे असे समजा. आपले आजोबा ज्वारीत तुरीच्या ओळी उगीच घालत नसत.

स्फुरदाची मात्र वाफ होत नाही. ते नदीबरोबर गेले की समुद्राच्या तळाशी बसते. तो तळ वर येऊन त्याचा खडक व्हायला कोट्यवधी वर्षे लागतात. असा खडक खणून मोरोक्को, जॉर्डन अशा दूरच्या देशांतून जहाजाने आणावा लागतो. मग पोते स्वस्त कसे मिळेल?

जंगलाला कोणी पोते घालत नाही. सागाचे पान गळते, वाळवी आणि बुरशी ते कुजवतात आणि त्याच झाडाची मुळे ते पुन्हा खातात. आपण काय करतो? रस्त्याचा पाला गोळा करून काडी लावतो. नत्र धुरात जाते आणि शेजाऱ्याला खोकला होतो.

आपल्या भाषेत सोनखत असा एक शब्द आहे. माणसाच्या मैल्याच्या खताला सोने म्हणणारे लोक वेडे नव्हते. कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी 1948 साली गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचे खत करण्याची रीत लोकांना शिकवली. हेच अप्पासाहेब 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम करू द्या म्हणून उपाशी राहिले होते.

गावाकडे दोन खड्ड्यांचा संडास बांधतात, त्यात हेच साधते. एक खड्डा भरला की बंद करायचा आणि दुसरा वापरायचा. बंद खड्डा दीड-दोन वर्षे उघडू नये. तोवर जंतू मरतात, वास जातो, काळी भुसभुशीत माती उरते. घाई केली तर रोग घरी येईल, हे भावाला नक्की सांगा.

आता थोडे गणित. खताच्या पोत्यावर 10:26:26 असे आकडे असतात. शंभर किलोत दहा किलो नत्र, सव्वीस किलो स्फुरद, सव्वीस किलो पालाश. पोते पन्नास किलोचे असेल तर निम्मे धरा. बाकीचे काय असते, असे कोणी विचारील. ते या तिघांशी जोडलेल्या दुसऱ्या मूलद्रव्यांचे वजन असते, पण भाव पूर्ण पोत्याचा द्यावा लागतो. मावशी, पुढच्या वेळी भावाकडचे रिकामे पोते घेऊन या. आकडे तुम्हीच वाचा, मी फळ्यावर लिहीन.