खासदाराची नोंद आणि आपली पदवी

(झाशीच्या बडा बाजारात पदवीधर तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



आजचा विषय जरा कोरडा वाटेल. आपला खासदार संसदेत काय बोलतो, मत कुठे देतो आणि त्याच्या मालकीचे काय आहे, हे कागदावरून कसे वाचायचे, एवढाच तो आहे. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण आपल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. रेशनचा कागद असो की कोर्टाची नोटीस, घरात ती तुम्हीच वाचून दाखवत आला आहात. आजचे काम त्याच्याच पुढचे आहे.

आधी या शहराचे उदाहरण घेऊ. रघुनाथ विनायक धुळेकर हे झाशीचे मराठी भाषिक वकील, स्वातंत्र्यलढ्यातले काँग्रेस कार्यकर्ते आणि संविधान सभेचे सदस्य. संविधान सभा भरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबर १९४६ रोजी, ते हिंदुस्थानीत बोलायला उभे राहिले. ज्यांना हिंदुस्थानी येत नाही त्यांना या देशात राहण्याचा अधिकार नाही आणि या सभेत बसण्याची त्यांची लायकी नाही, अशा आशयाचे ते बोलले. सभेत गोंधळ झाला आणि नेहरूंनी मध्ये पडून त्यांना खाली बसवले. सप्टेंबर १९४९ च्या भाषेवरील चर्चेतही त्यांनी हिंदीची बाजू तितक्याच जोराने मांडली. पुढे ते झाशीतून पहिल्या लोकसभेत गेले आणि नंतर उत्तर प्रदेश विधान परिषदेचे सभापती झाले.

माणूस मराठी घरातला, आग्रह हिंदीचा. दक्षिणेतून आलेल्या सदस्यांचे काय, हा प्रश्न त्यांना अडला नाही. त्यांच्याशी आपले मतभेद असतील. पण पाऊणशे वर्षांनंतरही आपण ते मांडू शकतो, कारण सभागृहातल्या लेखनिकाने त्यांचे बोलणे लिहून ठेवले. याच झाशीतल्या कोरी समाजाच्या झलकारीबाईंची आठवण लोकांनी तोंडी सांगत जपली. टपाल तिकीट निघायला २००१ साल उजाडले. कोणाचे लिहून ठेवले जाते आणि कोणाचे नाही, यात आपल्या समाजाचे किती नुकसान झाले ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

सभागृहातल्या नोंदीचा उपयोग कसा करायचा, हे आपल्या माणसांनी फार पूर्वी दाखवले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव झाले, पण तळ्यावर जाण्याची सोय कोणी केली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे तळ्यावर गेली, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. कोर्टातला वाद मिटायला १९३७ उजाडले. आपण महाड आठवताना पाणी आठवतो, ते योग्यच आहे. पण सभागृहात काय मंजूर झाले ते वाचून, त्याची अंमलबजावणी मागायला निघालेली ती माणसे होती, हेही आठवले पाहिजे.

आता आजच्या खासदाराची नोंद. तिचे तीन भाग करू: प्रश्न, मत आणि मालमत्ता.

पहिला भाग प्रश्नांचा. निवडणुकीच्या आधी वर्तमानपत्रात आकडे येतात, अमुक खासदाराने इतके प्रश्न विचारले, हजेरी इतके टक्के. हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, त्यांना उत्तरे द्यायची असतात. हजेरीपटावर त्यांची सहीही नसते. २०१४ मध्ये झाशीतून निवडून आलेल्या उमा भारती पाचही वर्षे केंद्रात मंत्री होत्या. त्यांच्या नावापुढे शून्य प्रश्न दिसले म्हणून त्या गप्प होत्या असे ठरत नाही. त्यांची नोंद वाचायची तर जलसंसाधन आणि पुढे पेयजल व स्वच्छता खात्याच्या मंत्री म्हणून दिलेली उत्तरे वाचावी लागतील.

शिवाय शंभर प्रश्नांपेक्षा एक नेमका प्रश्न जास्त काम करतो. २०२१ च्या पावसाळी अधिवेशनात राज्यसभेत प्रश्न आला तेव्हा राज्यमंत्री रामदास आठवले यांनी उत्तर दिले की हाताने मैला उचलण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. त्याच अधिवेशनात त्याच खात्याने सांगितले की १९९३ पासून गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ९४१ माणसे मेली. दोन्ही उत्तरे एकाच सरकारची. कारण सरकारच्या व्याख्येत गटारात उतरून मरणे आणि मैला उचलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसे आपलीच मेली होती, पण एका रकान्यात शून्य होते आणि दुसऱ्यात ९४१. प्रश्न विचारला गेला नसता तर ही व्याख्येची चलाखी कागदावर आली नसती.

दुसरा भाग मतांचा, आणि आपली खरी अडचण इथे आहे. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'होय'वाले ओरडतात, 'नाही'वाले ओरडतात आणि पीठासीन अधिकारी कानाने निकाल देतो. कोणी काय मत दिले, हे नावानिशी कुठेच राहत नाही. सदस्याने आग्रह धरला तर मतविभाजन घ्यावे लागते, तेव्हाच नावे नोंदली जातात. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयकांवर विरोधक मतविभाजन मागत असतानाही ती आवाजी मतदानानेच मंजूर झाली.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अॅट्रॉसिटी कायदा सैल करणारा निकाल दिला. तो महाराष्ट्रातूनच गेलेल्या खटल्यातला होता. २ एप्रिलला भारत बंद झाला, आपली माणसे मारली गेली. ६ ऑगस्टला लोकसभेत कायदा पूर्ववत करणारी दुरुस्ती आली. ती आवाजी मतदानाने मंजूर झाली, त्यामुळे कोण बाजूने होते त्याची यादी नाही. पाच महिन्यांनी, ८ जानेवारी २०१९ रोजी, आर्थिक निकषावर १० टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती आली. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, म्हणून मतविभाजन झाले. ३२३ बाजूने, ३ विरोधात. ते तिघे म्हणजे असदुद्दीन ओवैसी आणि मुस्लिम लीगचे दोन खासदार. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत १६५ विरुद्ध ७ अशी मते पडली. तिथे बसपनेही पाठिंबा दिला. हे बोलायला आपल्याला जड जाते, पण नोंद वाचायची तर आपल्या बाजूची पानेही वाचावी लागतात.

एवढ्यावरून खासदाराला जोखता येत नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षाने व्हिप काढला आणि सदस्याने तो मोडला तर सदस्यत्व जाऊ शकते. म्हणून मत हे बऱ्याचदा पक्षाचे असते. सदस्याचे स्वतःचे मन भाषणात, त्याने सुचवलेल्या दुरुस्तीत आणि खासगी विधेयकात शोधावे लागते. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती पद्धत रद्द करणारे विधेयक मांडले, ते विरोधी बाकावरून. ते कायदा झाले नाही. तरी त्यांच्या बाजूची साक्ष म्हणून ते आजही वाचता येते.

तिसरा भाग मालमत्तेचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, गुन्हे आणि शिक्षण यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पुढे त्यात उत्पन्नाचा स्रोतही आला. राज्यसभेत याखेरीज सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही असते: मोबदल्याचे संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, कंपनीवर ताबा देणारे भाग, सल्लागारी, व्यावसायिक काम. लोकसभेत अशी वेगळी नोंदवही नाही. सभागृहात एखाद्याच्या मताला वैयक्तिक आर्थिक हितसंबंधाच्या कारणावरून हरकत घेता येते, तेवढीच तरतूद आहे.

झाशीचे सध्याचे खासदार अनुराग शर्मा २०१९ आणि २०२४ मध्ये भाजपकडून निवडून आले. ते बैद्यनाथ आयुर्वेद या उद्योगघराण्यातले आहेत. उद्योजक असणे हा दोष नाही, आणि औषधांच्या धंद्यातल्या माणसाला त्या विषयातले कळते हेही खरे. मी कोणावर आरोप करत नाही. पण अशा सदस्याने आयुष खात्याविषयी काही विचारले तर वाचणाऱ्याने प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवून वाचावे. हा नियम सगळ्यांना लावा: साखर कारखान्याच्या अध्यक्षाला, शिक्षणसम्राटाला, बिल्डरला, आणि आपल्या समाजातून निवडून गेलेल्यालाही.

आता हे सगळे आत्ताच का सांगतो? झाशी लोकसभा मतदारसंघात पाच विधानसभा जागा आहेत. त्यातल्या मऊरानीपूर आणि महरौनी या दोन अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. लोकसभा आणि विधानसभांमधल्या राखीव जागांची मुदत १०४ व्या घटनादुरुस्तीने वाढवली आहे, ती जानेवारी २०३० पर्यंत. ती पुढे वाढवायची तर पुन्हा घटनादुरुस्ती लागेल, म्हणजे मतविभाजन होईल आणि प्रत्येक नाव नोंदले जाईल. त्या दिवशी पक्ष काय म्हणतात हे टीव्ही सांगेल. त्याआधीची वर्षे तुमचा खासदार या विषयावर काय बोलला, हे कोणी सांगणार नाही. ते तुम्हालाच ठाऊक असायला हवे.

म्हणून एक काम देऊन थांबतो. पाच-पाच जणांचे गट करा. एका गटाने खासदारांची भाषणे आणि प्रश्न लोकसभेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचे. दुसऱ्याने निवडणूक आयोगाकडची २०१९ आणि २०२४ ची प्रतिज्ञापत्रे शेजारी मांडायची. तिसऱ्याने ८ जानेवारी २०१९ च्या मतविभाजनाची यादी काढून त्यात झाशीचे नाव शोधायचे. अनुमान नंतर काढू, आधी नुसती वही भरा. दोन महिन्यांनी इथेच बसू आणि ती मोठ्याने वाचू. त्यानंतर खासदारांना एक पत्र लिहू, तुमच्या सह्यांचे आणि तुमच्या पदव्यांसकट: २०३० बद्दल तुमचे म्हणणे काय आहे, ते सभागृहात बोलाल का? उत्तर आले तर ते वहीत चिकटवू. नाही आले तर कोणत्या तारखेला पत्र दिले, ते लिहून ठेवू.

जय भीम, जय भारत.