लेन्स घेण्याआधी तीन प्रश्न

आज आम्ही आमच्या बचत गटाच्या एका चुकीबद्दल बोलणार आहोत. चूक साडेचार हजार रुपयांची आहे आणि ती गटाच्या पैशातून झाली. आपल्यापैकी बऱ्याच गटांना आता मालाचे फोटो पाठवूनच ऑर्डर मिळते. आमचं जे चुकलं ते तुमचं चुकू नये, म्हणून हे सांगतोय.

आम्ही गौरीचे मुखवटे रंगवतो, त्यांचे मण्यांचे दागिने करतो आणि दाराची तोरणं ओवतो. गौरी येतात भाद्रपदात, पण गिऱ्हाईक फोटो मागतं आषाढात नाहीतर श्रावणात. आमचं गाव घाटाच्या पायथ्याला. त्या दिवसांत भरदुपारी घरात दिवा लावावा लागतो. बाहेर माल मांडावा तर पाऊस, आणि आत अंधार.

गटातल्या एका वहिनींच्या मुलाचा जुना कॅमेरा आहे, लेन्स बदलता येते असा. त्यानं घरात फोटो काढले की ते हलल्यासारखे यायचे, नाहीतर रवा सांडल्यासारखे दाणेदार. पिवळ्या बल्बखाली मुखवट्याचा रंगही बदलायचा. एका गिऱ्हाईकानं तर तीन मुखवटे परत पाठवले. त्यांचं म्हणणं, फोटोत गव्हाळ दिसतात आणि हातात घेतले की गोरे. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

बैठकीत ठरलं की लेन्सच बदलू. तालुक्याच्या गावी एका दुकानात जुनी लेन्स मिळाली, ७०-३०० एमएमची. चांगली लांब, जड. आम्हाला वाटलं, एवढी मोठी आहे म्हणजे चांगलीच असणार. घरी आणून लावली तर फोटो आधीपेक्षा काळे. जरा जवळ गेलं की फोकसच होईना. ती लांबचं जवळ दाखवणारी लेन्स होती, पक्ष्यांसाठी आणि मैदानातल्या खेळांसाठी. आमच्या दहा फुटी खोलीत तिचा काय उपयोग?

मग गावात लग्नाचे फोटो काढायला आलेल्या एका दादांना गाठलं. त्यांनी समजावलं ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो.

लेन्सच्या पुढच्या कडेवर आकडे असतात. एमएम लिहिलेला आकडा लेन्स किती लांबचं ओढते ते सांगतो. अंधारात बघायचा आकडा दुसरा. १:१.८, १:३.५-५.६ असा लिहिलेला असतो. त्याला एफ नंबर म्हणतात. लेन्सचं तोंड किती उघडतं ते यावरून कळतं. गंमत अशी की आकडा लहान, तर तोंड मोठं. कॅमेऱ्याबरोबर साधारणपणे १८-५५ ची लेन्स येते. तिचा आकडा ३.५ पासून ५.६ पर्यंत असतो, म्हणजे पुढं ओढली की तोंड आणखी बारीक होतं. १.८ ची लेन्स ५.६ च्या मानानं नऊपटींहून जास्त उजेड आत घेते. जिथं फोटोला सेकंदाचा दहावा भाग लागत होता, तिथं जवळपास शंभरावा भाग पुरतो. तेवढ्यात हात हलत नाही.

हे ऐकून आमच्या काकी म्हणाल्या, मग १.८ चीच आणू. दादा म्हणाले, थांबा, आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्या.

पहिला प्रश्न, तुमची वस्तू हलते का? मुखवटा हलत नाही, तोरण हलत नाही. हलतो तो आपला हात. मग कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर ठेवा, ज्याला ट्रायपॉड म्हणतात. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही लागत नाही. आता फोटोला पूर्ण एक सेकंद लागला तरी बिघडत नाही. आयएसओ नावाचा आकडा १०० वर ठेवता येतो आणि दाणे जातात. आमच्याकडची जुनी १८-५५ लेन्ससुद्धा स्टँडवर स्वच्छ फोटो देते. लहान लेकरू, चुलीवरची वाफ, काम करणारे हात यांचे फोटो काढायचे असतील, तर मात्र स्टँड पुरत नाही. तिथं १.८ ची लेन्सच लागते.

इथंच आणखी एक गोष्ट कळली. तोंड मोठं उघडलं की फोटोत थोडाच भाग स्पष्ट येतो. ५० एमएमची लेन्स १.८ वर ठेवून अर्ध्या मीटरवरून मुखवट्याचा फोटो काढला, तर एक सेंटीमीटर जाडीचाही भाग नीट स्पष्ट येत नाही. नाकातली नथ दिसते आणि कानातली बुगडी पुसट होते. गिऱ्हाईकाला तर दोन्ही बघायचं असतं. म्हणून मुखवट्यासाठी आम्ही आकडा ८ वर ठेवतो. म्हणजे महागडी १.८ ची लेन्स आणली असती, तरी या कामाला तिचं तोंड बारीकच करावं लागलं असतं.

दुसरा प्रश्न, वस्तू केवढी आहे? प्रत्येक लेन्सला एक अंतर असतं, त्याहून जवळ गेलं की ती फोकस धरत नाही. ५० एमएम १.८ च्या लेन्सचं हे अंतर साधारण ३५ ते ४५ सेंटीमीटर असतं. मुखवट्याला ते चालतं. नुसती नथ किंवा कुडी फोटोभर मोठी दाखवायची असेल, तर चालत नाही. त्यासाठी मॅक्रो लेन्स असते. तिच्यावर १:१ असं मापाचं प्रमाण आहे का ते विचारा. ती महाग असते. दागिन्यांचाच धंदा असेल तरच तिचा विचार करा.

तिसरा प्रश्न, खोली केवढी आहे? आपल्याकडचे लेन्स बदलणारे स्वस्त कॅमेरे बहुतेक लहान सेन्सरचे असतात. त्यावर ५० एमएमची लेन्स लावली, तर चार फुटी तोरण फोटोत बसवायला जवळपास नऊ फूट मागं सरावं लागतं. आमची पाठ भिंतीला लागते. ३५ एमएमच्या लेन्सला साडेसहा फूट पुरतात. म्हणून लहान खोलीत ३५ एमएम १.८ ही जास्त सोयीची.

लेन्स घ्यायचीच ठरली, तर आपला कॅमेरा दुकानात बरोबर न्या. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर सरळ बसत नाही. काही जुन्या लेन्सच्या आत फोकसची मोटर नसते. कॅमेऱ्यातही ती नसेल, तर फोकस हातानंच फिरवावा लागतो. लावून बघा, फोटो काढून बघा. जुनी लेन्स असेल तर उजेडाकडं धरून आत बुरशीचे धागे दिसतात का ते पाहा. पावसाच्या भागात हे फार होतं.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. लांब लेन्स विकायला काढली, तिचे तीन हजार आले. दीड हजाराचा तोटा गटाच्या वहीत तसाच लिहिला आणि बैठकीत वाचून दाखवला. दोघी रागावल्या. त्यांचं बरोबर होतं, कारण विचारून मग घ्यायला हवं होतं. उरलेल्या पैशातून ट्रायपॉड आणला. लेन्स आणली नाही.

फोटोची जागाही बदलली. खिडकीशेजारी पाट मांडतो, त्यावर साधं कापड घालतो. खिडकी एका बाजूला येते. दुसऱ्या बाजूला धुतलेलं पांढरं धोतर दोरीवर टाकतो, म्हणजे त्यावरून उजेड परतून सावलीतल्या गालावर पडतो. बल्ब बंद ठेवतो. बल्बचा पिवळा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आला की रंग बिघडतो. फोटो काढल्यावर मुखवटा हातात धरून शेजारी ताडून बघतो, आणि दोन्ही सारखे दिसले तरच पाठवतो.

यंदा पावसाळ्यात फोटो याच पद्धतीनं काढले. रंगाची तक्रार एकही आली नाही. ३५ एमएमची लेन्स आम्हाला अजून हवी आहे, कारण मणी ओवणाऱ्या हातांचे फोटो गिऱ्हाईक मागतं आणि हात तर हलतातच. गौरीचा हिशेब झाला की त्यावर बैठकीत बोलू. या वेळी कॅमेरा बरोबर नेऊ.

तुमच्याकडं कॅमेरा नसेल, मोबाइलच असेल, तरी स्टँड, टायमर आणि खिडकी या तीन गोष्टी तशाच कामाला येतात. आधी त्या करून बघा, मग पैशाचं ठरवा.