बोअर मारण्याआधी कातळाला विचारा

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज सुरुवात एका प्रश्नाने करते. तुमच्या घरात तांबं कुठे कुठे आहे? देव्हाऱ्यातला तांब्या आणि आईकडून आलेला हंडा तुम्ही लगेच सांगाल. पण त्याहून जास्त तांबं विहिरीवरच्या मोटरीत असतं. मोटर जळाली की आपण ती भरायला देतो. तेव्हा जी लालसर तार नव्याने गुंडाळतात, ती तांब्याची. वायरमधली तार तांब्याचीच. आपल्या जवळच तळोज्याला हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीचा कारखाना १९८९च्या सुमारास उभा राहिला. तांब्याच्या तारेसाठी लागणारी कांब तिथे ओतली जायची.

पण ते तांबं आलं कुठून? आपल्या शहापूर-मुरबाडच्या डोंगरात तांब्याची खाण कोणी पाहिली आहे का? नाही. आपला काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला आणि थरावर थर साचून गोठलेला लाव्हा. त्याला बेसाल्ट म्हणतात. सह्याद्री आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच कातळाचा. खाण काढावी इतकं तांबं आपल्याकडच्या या कातळात मिळालेलं नाही.

महाराष्ट्रात तांबं आहे ते पार पूर्वेला, जिथे हा काळा कातळ संपतो आणि त्याहून कितीतरी जुना, ग्रॅनाइटसारखा खडक लागतो. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना आणि दुबारपेठ, नागपूरकडे पुलर-परसोडी, ही त्या जागांची नावं. विदर्भाची हद्द ओलांडली की मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची मोठी खाण आहे. ती १९८२ साली सुरू झाली.

तांब्याचा दगड तांब्यासारखा दिसत नाही बरं का. खडकातल्या बारीक फटींत पितळेसारखे पिवळे कण असतात. त्यांना चाल्कोपायराइट म्हणतात. आपले वैद्य ज्याचं सुवर्णमाक्षिक भस्म करतात, तेच हे खनिज. शंभर किलो दगडात एक किलो तांबं निघालं तरी खाण चालते. आता सांगा, जमिनीखाली शे-दोनशे फुटांवर असलेले हे बारीक कण शोधायचे कसे? सगळं रान तर खणता येत नाही.

इथे कामाला येतात खडकाचे गुण. आपण नाही का नारळ हलवून पाणी किती ते ओळखत, मडकं टिचकी मारून घेत? फोडून बघत नाही. तशाच खडकाच्या परीक्षा आहेत.

पहिली परीक्षा वजनाची. तांब्याचं खनिज पाण्याच्या चौपट जड, तर ग्रॅनाइट पावणेतीन पटीच्या आत. दुसरी लोहचुंबकाची. कुठल्या खडकात चुंबकाला ओढणारं खनिज जास्त, ते चालत चालत एका यंत्राने मोजता येतं. तिसरी परीक्षा विजेची, आणि तांब्यासाठी ती सगळ्यात उपयोगी.

जमिनीत एका रेषेत चार सळया ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून थोडी वीज सोडतात आणि आतल्या दोन सळयांवर मोजतात, की जमिनीने त्या विजेला किती अडवलं. सळया जवळ असल्या तर वरच्या थराचं कळतं. बाहेरच्या सळया जशा लांब नेतो, तशी वीज खोल उतरते आणि खालच्या खडकाची खबर येते. अखंड कातळ विजेला खूप अडवतो. ओला, झिजलेला खडक कमी अडवतो. धातूची खनिजं एकमेकांना लागून असली तर त्याहून कमी.

पण चाल्कोपायराइटचे कण तर विखुरलेले असतात, एकमेकांना लागून नसतात. त्यासाठी वेगळी युक्ती आहे. गॅस बंद केल्यावर पातळ पत्र्याचं भांडं लगेच निवतं, जाड तवा मात्र बराच वेळ तापलेला राहतो. तसंच, वीज बंद केली की साध्या खडकातून ती लगेच ओसरते. धातूचे कण असलेला खडक मात्र ती थोडा वेळ धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. तो थोडा वेळ यंत्र मोजतं. फ्रान्समध्ये कोनराड श्लुंबर्जे यांनी १९१२च्या सुमारास जमिनीत वीज सोडून मोजायला सुरुवात केली. तीच रीत सुधारत सुधारत आज जगभर वापरतात.

आता खरी गंमत ऐका. यंत्र कधीच सांगत नाही की इथे तांबं आहे. ते एवढंच सांगतं की इथला खडक विजेला असा वागतो. पायराइट नावाचं लोखंडाचं खनिज असलं तरी तो तसाच वागतो. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट असलं तरी तसाच. म्हणून शहाणी माणसं एकाच मोजणीवर विसंबत नाहीत. वरचे दगड तपासतात, माती तपासतात, विजेची मोजणी करतात, चुंबकाची करतात. चारही गोष्टी एकाच जागेकडे बोट दाखवू लागल्या की मगच तिथे भोक पाडून खडकाचा लांब दांडा बाहेर काढतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. एवढं करूनही पुष्कळ भोकं रिकामी जातात.

तुम्ही म्हणाल, बाई, चंद्रपूरचं तांबं आम्हाला कशाला सांगता? कारण हीच चार सळयांची मोजणी आपल्याकडे पाण्यासाठी करतात. आणि तिथे जी चूक चालत नाही, ती आपण इथे दर उन्हाळ्यात करतो.

माझ्या मावशीचं गाव मुरबाड तालुक्यात. तिच्या गटातल्या बारा जणींनी भेंडी-काकडीच्या मळ्यासाठी कर्ज काढून बोअर घेतली. पाणाड्या आला, हातावर नारळ उभा राहिला, जागा ठरली. अडीचशे फूट गेले, नुसता धुरळा उडाला. पन्नास पावलांवर दुसरी मारली, तीही कोरडी. हप्ते मात्र दोन वर्षं चालू होते. एका बाईने त्यासाठी शेळ्या विकल्या. मी भूशास्त्र शिकलेली, कल्याणला शिकवते, आणि मला हे कळलं ते सगळं झाल्यावर. ते अजून मनाला लागतं.

नंतर तिथे मोजणी झाली, तेव्हा कारण कळलं. आपल्या भागात लाव्हा थिजल्यावर त्याच्या भेगांतून पुन्हा रस वर आला आणि उभाच गोठला. जमिनीत गाडलेल्या भिंतीसारखा. त्याला डाईक म्हणतात. कल्याण, मुरबाड, शहापूर या पट्ट्यात अशा भिंती खूप आहेत. चुंबकाच्या मोजणीत त्या चांगल्या दिसतात. डाईक अखंड असली तर डोंगराकडून येणारं भूजल तिच्यामागे अडतं आणि खालची बाजू कोरडी राहते. तडकलेली असली तर तिच्यातच पाणी मिळतं. मावशीच्या गावातली डाईक अखंड होती आणि दोन्ही बोअर तिच्या खालच्या बाजूला होत्या. वरच्या अंगाला, ओढ्याकाठी जुनी विहीर होती, ती खोल केली. पूर्वी होळीला तिचा तळ दिसायचा, आता अक्षय तृतीयेपर्यंत पाणी पुरतं. मे महिन्यात अडचण आहेच. पण मळा उभा राहिला.

भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं आपल्या शहापूर तालुक्यात, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात तिथल्याच बायका. पाऊस धो धो पडतो, पण अखंड कातळात तो मुरत नाही. तो राहतो झिजलेल्या थरात, भेगांत, दोन लाव्हा थरांच्या सांध्यात. ते सांधे कुठे आहेत, एवढंच शोधायचं असतं.

यातही फसगत आहे. अखंड कातळाचा विजेला अडवण्याचा आकडा शेकड्यात जातो. पाणी धरलेल्या झिजलेल्या कातळाचा साधारण २० ते ७० येतो. आकडा १०च्याही खाली गेला तर हुरळून जाऊ नका. तिथे चिकण माती असू शकते, आणि खाडीकाठच्या गावांत खारं पाणी. म्हणजे तांब्याच्या शोधात जसं पायराइट फसवतं, तशी इथे चिकण माती फसवते.

म्हणून बोअरसाठी कर्ज काढण्याआधी गटाच्या बैठकीत या गोष्टी ठरवा आणि वहीत लिहा.

गावातल्या सगळ्या विहिरी आणि बोअर, चालू आणि कोरड्या, कागदावर मांडा. कोणती किती खोल, कोणत्या महिन्यात आटते, तेही लिहा. ही माहिती यंत्राकडे नसते, ती तुमच्याकडेच असते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हा सरकारी विभाग १९७२पासून हेच काम करतो. ठाणे जिल्ह्यासाठी त्याचं कार्यालय आहे. ग्रामपंचायतीमार्फत तिथे अर्ज करा.

खासगी माणूस आणलात तर विचारा, किती ठिकाणी मोजणार? आकडे लेखी देणार का? किती फुटांवर काय लागेल असा अंदाज लिहून देणार का? जो फक्त जागेवर चुन्याची खूण करतो आणि कागद देत नाही, त्याला पैसे देऊ नका.

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला परवानगी लागते. ती आधी बघा.

आणि बोअर मारताना एक जण वही घेऊन उभी राहा. दर दहा फुटांना कुठल्या रंगाची भुकटी आली, ओल कुठे लागली, ते टिपा. बोअर कोरडी गेली तरी ती वही पुढच्या गटाच्या कामाला येईल.

पाणाड्याला बोलवू नका, असं मी म्हणत नाही. गावातल्या जुन्या माणसाला झाडं, ओढे, उतार यांची जाण असते, तीही एक खूणच आहे. पण एका खुणेवर बारा जणींचं कर्ज उभं करू नका. मोजणी केली तरी पाणी लागेलच असं नाही, पण आंधळेपणाने पैसे जमिनीत घालणं नक्की थांबतं.

आज घरी गेलात की हंडा भरताना एकदा त्याच्याकडे बघा. तो हंडा ज्या दगडातून आला, तो शोधताना माणसांनी आधी मोजलं आणि मग खणलं. हंड्यातल्या पाण्यासाठीही आपण तेवढं करूया.