पंक्चर काढायला पाऊण तास
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आदरणीय गुरुजन, आणि माझ्या १९८७ च्या बॅचमधल्या सगळ्या टकल्यांनो आणि चष्मेवाल्यांनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालक बाईंनी आत्ताच सांगितलं की "मालवणच्या रविवारच्या सायकल ग्रुपबद्दल आपले मित्र प्रेरणादायी विचार मांडतील." प्रेरणा वगैरे माझ्याकडे काही नाही. ज्यांनी मला शाळेत कवायतीच्या तासाला पोटात दुखतं म्हणून झाडाखाली बसलेलं पाहिलंय, ते आता हसतायत ते बरोबरच हसतायत.

आमचा ग्रुप सात जणांचा. सहा जण याच बॅचचे आणि एक आमचा डॉक्टर, जो दोन वर्षं पुढे होता, पण स्वभावाने आमच्यातच नापास होऊन आलेला. करोनाचा पहिला लॉकडाऊन उठल्यावर डॉक्टरने आम्हा प्रत्येकाला वेगवेगळं बोलावून रक्तदाब तपासला आणि सगळ्यांना एकच औषध लिहून दिलं : सायकल. नंतर कळलं की तेव्हा त्याला स्वतःलाच सायकल घ्यायची होती आणि एकट्याने चालवायची लाज वाटत होती.

लाज वाटण्यासारखंच होतं म्हणा. पहिल्या रविवारी मी पहाटे घराबाहेर पडलो. चुस्त चड्डी, डोक्यावर हेल्मेट. शेजारची काकी अंगणात सडा घालत होती. तिने कंदिलासारखा मोबाइल वर धरून माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "रे मेल्या, गाडी इकलंस काय?" दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाडीला माहीत झालं की याचं काही खरं नाही, बँकेने गाडी ओढून नेली. हेल्मेटला तर आमच्याकडे अजूनही "अर्धो फणस" म्हणतात. फणसाकडे मी पुन्हा येणार आहे, तेवढं लक्षात ठेवा.

निघायचं भरडावरून, साडेपाचला. म्हणजे सहाला. निघताना गाऱ्हाणं घालायची प्रथा आमच्या पोस्टातल्या मित्राने पाडली. त्याचा आवाज शाळेपासून खणखणीत, प्रार्थना तोच सांगायचा. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां दोन चाकार बसान भायर पडली हत, तेंका सुखरूप परत हाड. कोणाच्या टायरात काटो घुसतलो असात, तर तो बारा वाटेक धाडून दी. घाटयेर कोणाचो दम सुटलो, तर तेच्या पाठीर हात ठेव. आणि हाटेलातली उसळ आमी पोचासर संपवू नको रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" रस्त्यावरचे कुत्रेसुद्धा आता ओळखतात. "व्हय म्हाराजा" झालं की तेच आधी पळायला लागतात.

रस्ते तुम्हाला माहीत आहेतच, पण मुंबई-पुणेवाल्यांसाठी सांगतो. तारकर्ली-देवबाग म्हणजे आमचा आळशी रविवार. सपाट रस्ता, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि संगमापाशी जमीनच संपते, त्यामुळे "अजून पुढे जाऊया" म्हणणाऱ्याचं तोंड आपोआप बंद होतं. कोळंबचा पूल ओलांडून आचऱ्याकडे जाणं म्हणजे मध्यम रविवार. आणि कुंभारमाठची चढण चढून चौक्यावरून धामापूर म्हणजे पश्चात्तापाचा रविवार. एसटीत बसून गेलात तर ती चढण आहे हे कळतसुद्धा नाही. सायकलवर बसलात की प्रत्येक जांभा दगड नावानिशी ओळखीचा होतो.

आमच्यातला सगळ्यात वेगवान कोण, तर आपला मागच्या बाकावरचा होडीवाला मित्र. आम्हा सगळ्यांच्या सायकली गियरच्या, कुणाच्या एकवीस, कुणाच्या चोवीस. याची काळी, दांडीवाली, वडिलांच्या वेळची. गियर नाही, चेनला कव्हर अर्धंच. पायात स्लिपर. रात्रभर समुद्रात असतो, पहाटे होडी लागली की तसाच येतो आणि कुंभारमाठच्या चढणीवर आम्हाला मागे टाकून वर जाऊन विडी ओढत बसतो. डॉक्टरने त्याला एकदा विचारलं, तुझा हार्ट रेट किती? तो म्हणाला, "माका काय म्हायत? मी तुका पैसे देवक इलंय नाय."

नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकलने पार करायची ती शर्यत, सुमारे ४,८०० किलोमीटर, त्यांनी दोघांच्या जोडीने २०१५ मध्ये पुरी केली, नऊ दिवसांच्या आत. आमच्या बँकवाल्याने हिशेब केला की याच वेगाने आम्हालाही ते अंतर जमेल, फक्त आम्हाला तीन वर्षं लागतील आणि मध्ये चतुर्थीची सुट्टी धरावी लागेल. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत करायचे असतात, त्याला ब्रेव्हे म्हणतात. साडेतेरा तासांत आम्ही काय करतो? तीस किलोमीटर, दोन प्लेट घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, एक चहा, मग दुसरा चहा आणि दुपारी झोप.

आता मुद्द्यावर येतो. मिनिटं किती उरली ते सांगू नका.

आमच्या सात जणांत दोघे असे होते, जे एकमेकांशी बोलत नव्हते. नऊ वर्षं. त्यातला एक मी. दुसरा आत्ता तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याचं नाव घेणार नाही, कारण घेतलं तर तो उठून बाहेर पान खायला जाईल.

आम्ही शेजारी. त्याचा आणि माझा मिळून एक गडगा. गडगा दीड फूट माझ्या बाजूला सरकला असं माझं म्हणणं, अजिबात सरकला नाही असं त्याचं. त्या दीड फुटात एक फणस. फणस कापा असता तर एक वेळ समजून घेतलं असतं, पण तो बरको! मोजणी झाली, नोटिसा झाल्या, केस झाली. कोकणातल्या माणसाला याच्यापुढे काही सांगायला नको. घरातल्या बायका मागच्या दाराने मोदकांची देवाणघेवाण करत होत्या आणि आम्ही दोघे पुढच्या दाराने एकमेकांकडे पाठ करून जात होतो.

डॉक्टरने आम्हा दोघांनाही ग्रुपमध्ये घेतलं ते एकमेकांना न सांगता. पहिल्या दिवशी भरडावर त्याला पाहिलं आणि मी सायकल वळवली होती. होडीवाल्याने कॅरियर धरला. म्हणाला, "गडगो रस्त्यार नाय हा." मग राहिलो. पण सवय अशी पडली की मी पुढे असलो तर तो शेवटी, तो पुढे गेला तर मी शेवटी. हॉटेलात टेबलाच्या दोन टोकांना. "त्याला सांग मीठ इकडे दे," हे मी दीड वर्ष पोस्टमनमार्फत सांगितलंय. पोस्टमन होता म्हणून बरं.

आणि एका गोष्टीचं मला फार होतं. मला सायकल कोणी शिकवली? त्याच्या वडिलांनी. आप्पांनी. सहावीत होतो. तासाला पन्नास पैशांची भाड्याची सायकल, पाय पोचत नव्हते म्हणून दांडीखालून पाय घालून कैची मारायची. आप्पा मागून कॅरियर धरून धावायचे. "मी धरलंय, मी धरलंय" म्हणत हात कधी सोडला ते कळू दिलं नाही. ते आप्पा त्या नऊ वर्षांत गेले. मी गेलो नाही. गडग्याच्या अलीकडे उभा राहिलो, तिकडून रडणं ऐकत. इतक्या जवळ की माझ्या हातातला टॉर्च तिकडच्या अंगणात पडत होता. तो मी विझवला.

तर धामापूरचा रविवार. पाऊस नुकताच उघडलेला. देवळाच्या काठाकाठाने तो तलाव काठोकाठ भरलेला. १५३० सालचा तलाव, २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला, हे आपले भूगोलाचे सर इथे आहेत म्हणून मुद्दाम सांगितलं. परतीला मी शेवटी होतो, म्हणजे शेवटून दुसरा. शेवटी तो. एका मोरीजवळ माझं मागचं चाक बसलं. बाकीचे वळणापुढे गेलेले, मोबाइलला रेंज नाही. जादा ट्यूब होती. घातली. पंप काढला आणि कळलं की महिन्यापूर्वी सायकल नवीन घेतली, पंप मात्र जुन्या सायकलचा. नव्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, लांब, प्रेस्टा म्हणतात तो. माझा पंप मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हचा. लहानपणी वालट्यूबचा रबरी तुकडा थुंकी लावून बसवला की काम व्हायचं, इथे थुंकून उपयोग नव्हता.

तो मागून आला. थांबला. बोलला नाही. मीही नाही. मी पंपाशी झटापट करतोय आणि तो मोरीवर बसून तलावाच्या दिशेने बघतोय. पाच मिनिटांनी त्याने खिशातून काहीतरी काढून मोरीवर ठेवलं. बोराच्या बीएवढी पितळी टोपी. त्या बारीक व्हॉल्व्हवर ती फिरवली की कुठलाही पंप चालतो. वीस-तीस रुपयांची वस्तू. मी उचलली, लावली, हवा भरली. चाक उभं राहिलं. मी विजयी मुद्रेने हात पुसले, आणि तेव्हा तो नऊ वर्षांनी पहिला शब्द बोलला.

"उलटो लावलंस."

टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असतो. तो उलटा होता. मला इतका राग आला की मीही बोललो. म्हटलं, "मगाशी सांगूक काय झाला होता?" तो म्हणाला, "तू इचारलंस खंय?"

मग टायर पुन्हा काढला. या वेळी एक बाजू त्याने धरली. टायर बसवताना दोन माणसांचे अंगठे लागतात, ते शेजारी शेजारी येतात. तेवढ्यात तो खाली बघूनच म्हणाला, "आप्पांनी दोनदा इचारल्यांनी, तो इलो काय म्हणान."

मी काय बोललो ते इथे सांगत नाही. फारसं काही बोललोच नाही.

पोचलो तेव्हा पाची जण वळणापलीकडे करवंदीच्या जाळीआड उभे. एकाच्याही तोंडावर काही नाही. होडीवाल्याने घड्याळ बघितलं, "पंक्चराक पाऊण तास?" नंतर कळलं, माझं चाक बसलेलं त्यांनी पाहिलं होतं. डॉक्टरकडे बारीक व्हॉल्व्हचा पंप होता. पोस्टमन तो घेऊन मागे यायला निघालाही होता, बाकीच्यांनी त्याचं हँडल धरून ठेवलं. पाऊण तास डास चावून घेत उभे राहिले. बँकवाला अजून म्हणतो, त्या डासांच्या औषधाचा खर्च आम्ही दोघांनी निम्मा निम्मा द्यावा. घावणे त्या दिवशी संपले होते. आम्हाला दोघांना शिळा खाजा मिळाला.

केस अजून चालू आहे. कुणी हसू नका, ती माझ्या आणि त्याच्या हातात राहिलेली नाही, दोन्हीकडच्या चुलत्यांची नावं सात-बारावर आहेत. पण तारखेला आम्ही एकत्र जातो. मागच्या तारखेला त्याच्या वकिलाने आम्हाला बाहेर एकाच प्लेटमधली भजी खाताना पाहिलं आणि बिचारा फार नाराज झाला. फणस यंदा चांगला धरला होता. दीड फुटाचा निकाल लागेपर्यंत गरे वाटून खायचे असं ठरलंय. बरको असला तरी.

सर, तुम्ही समोर बसला आहात. पायाला क्लिप लावून काळ्या सायकलवरून शाळेत येणारे तुम्ही, आणि तुमच्या चाकातली हवा सोडणारे आम्ही. कोण होते ते आज सांगून टाकतो. मी आणि तिसऱ्या रांगेतला तो. तो नाही म्हणेल, विश्वास ठेवू नका.

उद्या रविवार आहे. जे बाहेरगावाहून आलेत त्यांच्यासाठी तीन जादा सायकली मिळवल्या आहेत. साडेपाचला भरडावर या, म्हणजे सहाला. तिघींपैकी एकीचा मागचा ब्रेक लागत नाही, ती कुणाला द्यायची ते तिथे आल्यावर ठरवू. पितळी टोपी त्याच्याकडे आहे.