भाषेची कसोटी कोणासाठी?

(नशिराबाद येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जळगाव आणि भुसावळ यांच्यामध्ये वसलेल्या आपल्या या गावातील तरुण आज रेल्वे, बँका, न्यायालये आणि सरकारी कचेऱ्या यांतील जागांसाठी अर्ज करीत आहेत. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु या जागांच्या वाटेवर भाषेच्या परीक्षेचे एक दार आहे. ते दार कोणाच्या रक्षणासाठी बसविले आणि प्रत्यक्षात कोणाला अडविण्यासाठी वापरले जाते, याचा विचार आपण आज करावयाचा आहे.

प्रथमच सांगतो की, भाषेची परीक्षा घेणे हा स्वतःहून अन्याय नव्हे. राज्यघटनेच्या 16 व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. या यादीत भाषेचा उल्लेख नाही. कामासाठी लागणारी भाषा उमेदवाराला यावी, अशी अट घालण्यास म्हणूनच वाव आहे. 1964 च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. अमराठी सरकारी नोकराला मराठीची परीक्षा ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण व्हावी लागते. न झाल्यास त्याची वेतनवाढ अडते. बँकेतील लिपिकालाही स्थानिक भाषा येणे आवश्यक असते. हे योग्यच आहे. पासबुक हातात धरून खिडकीशी उभी असलेली विधवा आणि कर्जाचा कागद दुसऱ्याकडून वाचवून घेणारा शेतमजूर यांचे म्हणणे खिडकीपलीकडच्या माणसाला समजलेच पाहिजे. ही परीक्षा त्यांच्यासाठी आहे. तिचे सारे समर्थन एवढ्यातच आहे.

पण तीच परीक्षा उलटी कशी फिरते, ते ऐका. आपल्या भागातील एक तरुण माझ्याकडे आला होता. लेखी परीक्षेत त्याला उत्तम गुण होते. मुलाखतीत त्याच्या तोंडून ‘शाळा’ऐवजी ‘शाया’ आणि ‘केळी’ऐवजी ‘केयी’ असे शब्द गेले. समोरची मंडळी हसली, आणि आपली भाषा शुद्ध नाही, असे त्याला ऐकविण्यात आले. ज्या खेड्यांत त्याला काम करावयाचे होते, त्या खेड्यांत सारेजण ‘शाया’च म्हणतात! मग परीक्षा कशाची झाली? त्याच्या ज्ञानाची, की त्याच्या जन्मभूमीची?

येथून जवळच्या असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. 2018 पासून जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. भाषेच्या लेखी परीक्षेत मात्र त्यांना एकही गुण मिळाला नसता. भाषा येणे आणि शाळेत घडविलेले वळण असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून उमगावे. परमपूज्य बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वप्रयत्नाने साध्य केले. आधी भाषा नाकारावयाची आणि नंतर ती येत नाही म्हणून नालायक ठरवावयाचे, ही जुनी रीत आहे. ती नव्या नावाने परत येऊ देता कामा नये.

शुद्धतेची ही तक्रार तथागतांच्या काळीही झाली होती. विनयपिटकात कथा आहे. ब्राह्मणकुलात जन्मलेल्या दोन भावांनी भगवंतांकडे गाऱ्हाणे नेले की, नाना कुळांतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवितात. तरी ते छंदोबद्ध करावे. भगवंतांनी त्यांचा निषेध केला आणि स्वभाषेत बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली.

यासाठी आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. परीक्षा त्या पदाच्या कामाशी निगडित असावी. तिने केवळ पात्र की अपात्र एवढेच ठरवावे. तिच्या गुणांनी क्रमवारी लागू नये. उच्चाराला गुण नसावेत. अपात्र ठरविल्यास कारण लेखी द्यावे. येथे कायदा काही अंशी आपल्या बाजूस आहे. भरती सुरू झाल्यावर पात्रतेच्या अटी मध्येच बदलता येत नाहीत, नियमांनी वा जाहिरातीने तशी मुभा दिली असेल तरच त्या बदलता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितले आहे. म्हणून जाहिरातीचा कागद जपून ठेवा. मुलाखतीत काय विचारले, ते त्याच संध्याकाळी लिहून काढा. आपले गुण माहितीच्या अधिकारात मागा.

तरुणांनो, प्रमाण मराठी शिका, इंग्रजी शिका, टंकलेखन शिका. यांत कमीपणा नाही. मात्र आईच्या बोलीची लाज बाळगू नका. उद्या तुम्ही त्या खिडकीपलीकडे बसाल. समोर उभी राहिलेली म्हातारी ‘शाया’ म्हणेल, तेव्हा हसू नका. तिचे काम करा. तुमची खरी परीक्षा त्या दिवशी आहे.

जय भीम.